सावकाश थंड झालेला बेसाल्ट म्हणजेच ग्रॅनाइट का? लातूरचा काळा दगड आणि देगलूरचा ठिपकेदार

मास्तर_औसा

नमस्कार मंडळी. अकरावीच्या वर्गासाठी दगडांचे नमुने मांडायचे आहेत. एक आपला लातूर-औसा पट्ट्यातला नेहमीचा काळा पाषाण, दुसरा देगलूरकडचा गुलाबी-करड्या ठिपक्यांचा. पुस्तकात दोन्ही अग्निजन्य म्हणून दिलेत. बेसाल्ट बाहेर थंड झाला, ग्रॅनाइट जमिनीत थंड झाला, एवढ्यावर विषय संपतो. त्यामुळे मुलांचा समज असा होतो की लाव्हा एकच. वर आला तो काळा झाला, खाली अडकला तो ठिपकेदार झाला.

हे बरोबर आहे का? आणि सगळा मराठवाडा काळ्या दगडाचा असताना देगलूरलाच ग्रॅनाइट कुठून आला? प्रयोगशाळेशिवाय, दगड हातात घेऊन दोन्ही खात्रीनं ओळखायची रीत कोणी सांगेल का? एका तिसऱ्या तुकड्यानंही घोळ घातलाय. दगड काळपट, पण अंगभर हरभऱ्याएवढे पांढरे ठिपके. तो कशात धरायचा?

खडकओळख

मास्तर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठाम "नाही". हा समज फार पसरलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दगड बघताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. रस कशाचा होता, हा एक. आणि तो कुठं थिजला, हा दुसरा. पुस्तकं दुसरा प्रश्न सांगतात आणि पहिला गिळून टाकतात.

साखरेचा पाक सावकाश थंड होऊ दिला तर खडीसाखर होते, घाईनं घोटला तर बारीक बुरा होतो. हा झाला थंड होण्याच्या वेगाचा भाग. पण काकवी कितीही सावकाश थंड केली तरी गूळच होणार, तिची पांढरी खडीसाखर होत नाही. बेसाल्टचा रस आणि ग्रॅनाइटचा रस यांत असाच मुळातला फरक आहे.

बेसाल्टमध्ये सिलिका (वाळूतला मुख्य घटक) 45 ते 52 टक्के. लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम भरपूर; दख्खनच्या बेसाल्टमध्ये नुसतं लोहाचं ऑक्साइडच साधारण 12 ते 15 टक्के निघतं. काळा रंग आणि वजन त्यातून येतं. ग्रॅनाइटमध्ये सिलिका 70 टक्क्यांच्या आसपास किंवा वर, लोह दोन-तीन टक्के, आणि पोटॅशियम-सोडियम जास्त. म्हणून बेसाल्टचा रस जमिनीत खोल अडकून सावकाश थिजला तर ग्रॅनाइट होत नाही, गॅब्रो नावाचा काळा, मोठ्या कणांचा दगड होतो. मध्येच एखाद्या भेगेत थिजला तर डोलेराइट. उलट ग्रॅनाइटचा रस ज्वालामुखीतून बाहेर पडला तर रायोलाइट होतो. फळ्यावर चार चौकटी काढा. आडवी ओळ रसाची, उभी ओळ जागेची. बेसाल्ट-गॅब्रो एका बाजूला, रायोलाइट-ग्रॅनाइट दुसऱ्या बाजूला. मुलांना एका तासात कळतं.

आता हे दोन रस येतात कुठून. बेसाल्टचा रस प्रावरणातून येतो, म्हणजे कवचाच्याही खालून. तिथला खडक तापलेला असतो, पण वरच्या दाबामुळे घट्ट राहतो. तो वर सरकला की दाब उतरतो आणि त्यातला थोडा भाग वितळतो. जास्तीची उष्णता लागतेच असं नाही, दाब उतरणं पुरतं. हा रस 1100 ते 1200 अंश सेल्सिअसचा आणि पातळ, म्हणून लांबवर वाहतो. दख्खनवर तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी आला. तेव्हा भारताचा तुकडा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि हल्ली रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्थानावरून, म्हणजे प्रावरणातून गरम खडक वर येतो अशा जागेवरून, सरकत होता. शंकूसारखा एक मोठा ज्वालामुखी नव्हता. लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर पडून थरावर थर बसले. आज उरलेलं क्षेत्र सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. बालाघाटाच्या डोंगरांना दुरून ज्या पायऱ्या दिसतात, त्या या थरांच्याच. दख्खन ट्रॅपमधला "ट्रॅप" हा शब्दही स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय.

ग्रॅनाइटचा रस बहुधा कवचातलाच जुना खडक वितळून तयार होतो. खोलवर, पाण्याचा अंश असताना, 700-800 अंशालाही तो वितळतो. पण हा रस बेसाल्टच्या रसापेक्षा लाखो पटींनी चिकट असतो. त्याला पृष्ठभाग गाठणं जमत नाही, तो काही किलोमीटर खोलीवरच अडकतो आणि हजारो-लाखो वर्षं मुरत मुरत थिजतो. म्हणून कण डोळ्यांना दिसतील एवढे मोठे.

थिजायला किती वेळ लागतो याचा अंदाज हवा असेल तर हवाई बेटांवरच्या बेसाल्ट लाव्हावर मोजलेले आकडे आहेत. वर 1 मीटर जाडीची घट्ट साय धरायला साधारण आठवडा लागतो. 5 मीटरला जवळपास सहा महिने, 10 मीटरला दोन वर्षांच्या आतबाहेर. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट. हाच हिशेब किलोमीटरभर जाडीच्या, भोवती गरम खडक असलेल्या ग्रॅनाइटच्या गोळ्याला लावून बघायला मुलांना सांगा.

देगलूरचं आता. आपल्याकडचा ग्रॅनाइट साधारण 250 कोटी वर्षांचा आहे. बेसाल्टच्या वयाच्या सदतीस-अडतीस पट जुना! दोन्ही एका घटनेतले असणं शक्यच नाही. तो तेलंगणाच्या ग्रॅनाइटचाच भाग आहे, आणि बेसाल्टच्या खाली तो मराठवाडाभर पसरलेला आहे. पुरावा आपल्या लातूर जिल्ह्यातच आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला 617 मीटर खोल वेधन (तपासणीचा बोअर) घेतलं गेलं. त्यात वरून 338 मीटर बेसाल्टचे थर, मग सुमारे 8 मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली पट्टेदार नाइस (रूपांतरित खडक) व ग्रॅनाइटच्या कुळातला जुना पाया लागला. कोयनेजवळच्या वेधनात हाच पाया 930 मीटरच्या आसपास लागलाय. पश्चिमेकडून पूर्वेकडं बेसाल्टची जाडी कमी होत जाते आणि नांदेड जिल्ह्याच्या देगलूर-बिलोली-मुखेड कडेला ती संपते.

त्या 8 मीटर गाळाकडं लक्ष द्या, सगळी गोष्ट त्यात आहे. गाळ साचायला उघडी जमीन लागते. म्हणजे काही किलोमीटर खोल जन्मलेला ग्रॅनाइट लाव्हा येण्याच्या आधीच झिजून उघडा पडलेला होता, त्यावर ओढे-नाले वाहत होते. मग त्यावर लाव्हा पसरला. जुन्या दगडी जोत्यावर शेणामातीचं सारवण थरावर थर चढावं आणि एका कडेनं ते झिजून खालचा दगड पुन्हा दिसू लागावा, तसं देगलूरला झालंय.

भिंग_दहापट

खडकओळख यांनी उगम सांगितला, मी ओळख सांगते. सामान थोडं लागतं: दहापट मोठं दिसणारं भिंग, पोलादी चाकू, दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक, स्वयंपाकघरातला 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, एक प्लास्टिकची बरणी. दगड फोडायला छोटा घण आणि डोळ्यांना चष्मा. चष्म्याशिवाय मुलांच्या हातात घण देऊ नका. ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्‌झच्या कपच्या काचेसारख्या उडतात.

आधी ताजा तुकडा फोडा. जुन्या पृष्ठभागावरून दगड ओळखायला गेलं की फसगत ठरलेली. बेसाल्ट वरून तांबूस-तपकिरी होतो, कारण लोह गंजतं. ग्रॅनाइट वरून करडा-मळकट होतो, त्यावर शेवाळाचे डाग चढतात. बाहेरून दोन्ही सारखेच वाटू शकतात.

ताज्या फुटीवर बेसाल्ट काळा-करडा, एकजीव, हाताला भाजक्या विटेपेक्षा बारीक पोताचा. भिंगातूनही कण जेमतेम दिसतात. उन्हात तिरका धरला तर सुईच्या टोकाएवढ्या चमकत्या रेघा दिसतील. त्या प्लॅजिओक्लेज फेल्स्पार या खनिजाच्या.

ग्रॅनाइटमध्ये निदान तीन गोष्टी सुट्या दिसल्या पाहिजेत. क्वार्ट्‌झ करडा, काचेसारखा, ओबडधोबड, उरलेल्या फटी भरून बसलेला. चाकू ओढला तर क्वार्ट्‌झवर ओरखडा पडत नाही, उलट चाकूचंच पोलाद घासून त्यावर करडी रेघ उमटते. तिला ओरखडा समजू नका, बोटानं पुसून बघा. फेल्स्पार गुलाबी किंवा दुधी, सपाट फुटतो. दगड उन्हात हळूहळू फिरवला की एका ठराविक कोनाला तो कण आरशासारखा एकदम लखकतो, पुढं फिरवला की विझतो. क्वार्ट्‌झ असा लखकत नाही. तिसरा काळा अभ्रक, बायोटाइट. टाचणीनं उचकटला तर पापुद्रा सुटून येतो. काळा कण आहे पण पापुद्रा निघत नाही, लांबट आहे, तर बहुधा हॉर्नब्लेंड.

काळे-पांढरे कण ओळीनं, पट्ट्यापट्ट्यांनी लागलेले दिसले तर त्याला ग्रॅनाइट म्हणू नका. तो नाइस, रूपांतरित खडक. देगलूरच्या बाजूला दोन्ही मिळतात आणि नमुना गोळा करताना हमखास सरमिसळ होते. मास्तर, तुमचा तुकडा सगळ्या बाजूंनी फिरवून बघा. एका बाजूनं ठिपके आणि दुसऱ्या बाजूनं रेघा असं निघालं तर तो नाइस आहे.

लोहचुंबक दगडाला टेकवायचं नाही. दोऱ्यानं लोंबकळत ठेवून दगड हळूच जवळ न्यायचा. बेसाल्टमधल्या मॅग्नेटाइटमुळे (लोहाचं चुंबकीय खनिज) चुंबक किंचित ओढलं जातं. ही पूरक खूण समजा, निकाल नव्हे. काही ग्रॅनाइटमध्येही थोडं मॅग्नेटाइट असतं.

सगळ्यात खात्रीची घनता. बेसाल्टची 2.8 ते 3.0, ग्रॅनाइटची 2.6 ते 2.7. मोजायची सोपी रीत अशी: दगड कोरडा वजन करा. बरणीत पाणी घेऊन ती काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा. दगड बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. आता काट्यावर जो आकडा येईल तेच दगडाचं घनफळ, घन सेंटिमीटरमध्ये. वजनाला त्यानं भागायचं, झालं.

चुका बहुतेक तीनच होतात. दगड तळाला टेकला की घनफळ फुगतं आणि घनता भलतीच कमी निघते. बुडबुडे चिकटून राहिले तरी तसंच. दगड आधी पाच मिनिटं पाण्यात भिजवून, ब्रशनं घासून, ओल्या फडक्यानं पुसून मग बुडवा. आणि तुकडा फार लहान घेतला, 100 ग्रॅमच्या आत, तर काट्याच्या एका ग्रॅमच्या फरकानं निकाल इकडचा तिकडं होतो. 400 ते 900 ग्रॅमचा तुकडा घ्या.

पांढऱ्या ठिपक्यांच्या तुकड्याबद्दल: बहुतेक बेसाल्टच. लाव्हा थिजताना त्यातले वायू फुगे होऊन वर चढतात आणि थराच्या वरच्या भागात अडकतात. ती छिद्रं नंतर गरम पाण्यातून आलेल्या खनिजांनी भरतात: झिओलाइट, कॅल्साइट, कॅल्सेडनी. ओळख अशी की ठिपके गोल किंवा बदामाच्या आकाराचे असतात, कडेला बऱ्याचदा हिरवट अस्तर असतं आणि आत कण मध्याकडं तोंड करून वाढलेले दिसतात. फेल्स्पारचा स्फटिक चौकोनी-लांबट, सरळ कडांचा असतो, त्याला अस्तर नसतं.

ठिपका कशाचा, तेही बघता येतं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. जोरात फसफसला तर कॅल्साइट. नाही फसफसला आणि चाकूनं ओरखडा पडला तर झिओलाइट असण्याची शक्यता जास्त. त्याची कपची कोरड्या परीक्षानळीत तापवली तर नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमतात. 1756 मध्ये स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी याच गुणावरून झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड, असं नाव दिलं. चाकूनं ओरखडाच पडला नाही तर कॅल्सेडनी.

मास्तर_औसा

खडकओळख, भिंग_दहापट ताई, मनापासून आभार. गूळ-खडीसाखरेचं उदाहरण उद्याच वर्गात जाईल. एक उपप्रश्न: मुलांच्या घरी शेती आहे, त्यांना हा फरक विहिरी-बोअरशी जोडून सांगता येईल का?

बोअर_विहीर_नांदेड

सांगता येतो, आणि सांगायलाच पाहिजे. लोक देगलूरला औशाच्या हिशेबानं बोअर घ्यायलेत आणि पैसे मातीत घालायलेत.

बेसाल्टमध्ये खडक थराथरानं आडवा. प्रत्येक थराचा वरचा भाग छिद्रांचा, कुजलेला. मधला भाग घट्ट पक्का पाषाण. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबडा गेरू. पाणी छिद्राळ भागात, पाषाणाच्या उभ्या भेगांत आणि थरांच्या सांध्यात मिळतं. त्यामुळं एका बोअरला दोन-तीन सांधे लागू शकतात. पाषाण लागला म्हणजे पाणी संपलं असं नाही, त्याखाली पुढचा थर असतो. पण प्रत्येक सांध्याला पाणी असतंच असंही नाही. सांधा वर कुठंतरी उघडा पडलेला असेल, ओढ्या-नाल्यातून पाणी मुरत असेल, तरच तो पाणी देतो.

ग्रॅनाइटला थर नाहीत. वर कुजलेला भुसभुशीत मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक, मग घट्ट. पाणी मुरमाच्या तळाशी आणि त्याखालच्या भेगाळ पट्ट्यात. जसजसं खोल जावं तसतशा भेगा कमी होतात. 300 फुटांखाली फारच विरळ. तिथं आणखी 300 फूट खोदून "पुढचा थर लागेल" म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही, कारण पुढचा थर नाहीच. ग्रॅनाइटमध्ये खोलीपेक्षा जागा महत्त्वाची: जिथं मुरूम जाड आहे, जिथं भेगांची रेघ सरळ ओढ्यासारखी दिसते, तिथं बोअर घ्या. उघड्या गोट्यांच्या टेकाडावर घेऊ नका.

बोअरमधून निघणारा चुरा बघा. दर 10 फुटांना मूठभर चुरा धुऊन, वाळवून, पिशवीत खोली लिहून ठेवा. काळा-करडा बारीक चुरा म्हणजे पाषाण. चॉकलेटी-तांबडा, बोटाला चिकटणारा म्हणजे गेरू. पांढरट-गुलाबी, साखरेसारखा कुरकुरीत आणि चमकणारा म्हणजे ग्रॅनाइट. चुऱ्यावर चुंबक फिरवताना एक काळजी घ्या. बिटाच्या, म्हणजे खडक फोडणाऱ्या टोकाच्या, पोलादाचा कीस चुऱ्यात येतो आणि चुंबकाला लगेच चिकटतो. भिंगातून बघितलं तर तो चपटा, कुरळा दिसतो; मॅग्नेटाइट दाणेदार. हे न बघता ग्रॅनाइटला बेसाल्ट ठरवून मोकळं होऊ नका.

ग्रॅनाइटमध्ये बिट लवकर घासतो, कारण क्वार्ट्‌झ. बिटावरची कठीण बटनं घासली की बोअरचा व्यास खाली खाली कमी होत जातो. मग नवा बिट मध्येच अडकतो. म्हणून ग्रॅनाइटला दर बोअरनंतर बिटाचा व्यास मोजणं गरजेचं. बेसाल्टमधली अडचण वेगळी: गेरू. ओला झाला की फुगतो, ढासळतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी मोटर गाळात रुतते. वरच्या मुरमापुरतं केसिंग (आधाराचा पाइप) टाकून भागत नाही. चुऱ्यात गेरू दिसला असेल तर साडेसहा इंची बोअरमध्ये पाच इंची पीव्हीसी पाइप गेरूच्या खालपर्यंत न्या. चिरा फक्त पाण्याच्या सांध्यासमोर ठेवा, गेरूसमोर अखंड पाइप ठेवा. खोलीच्या पिशव्या इथं कामाला येतात. नाहीतर चिरा कुठं पाडायच्या ते कसं कळणार?

आणखी एक, हे पिण्याच्या पाण्याचं आहे म्हणून ठळक सांगतो. ग्रॅनाइटच्या काळ्या अभ्रकात, अपेटाइट या खनिजात फ्लोरिन असतं. पाणी बराच काळ खडकात मुरलं तर फ्लोराइड वाढतं. पिण्याच्या पाण्यात 1 मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर कमाल 1.5. नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूच्या काही गावांत हा प्रश्न आहे. फ्लोराइड उकळून जात नाही. पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. जुन्या ग्रॅनाइट-नाइसच्या पट्ट्यात नवा बोअर पिण्यासाठी घेतला तर तपासल्याशिवाय लहान लेकरांना देऊ नये.

मातीही बोलते. बेसाल्ट कुजून काळी, चिकट, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी माती होते, कारण त्यात फुगणारी चिकणमाती तयार होते. ग्रॅनाइटमधला क्वार्ट्‌झ कुजत नाही, तो वाळूच राहतो. म्हणून लालसर, रेताड, पाणी न धरणारी जमीन. मुखेडकडून देगलूरकडं जाताना हा बदल शेतात उघड्या डोळ्यांनी दिसतो.

गिट्टी_फरशी

बाजाराची बाजू थोडक्यात मांडतो, नाहीतर मुलं घरी जाऊन ओट्याकडं बघतील आणि गोंधळतील.

दुकानात "ब्लॅक ग्रॅनाइट" म्हणून मिळतो तो शास्त्राच्या भाषेत बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच. डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे बेसाल्टचाच भाऊबंद. तेलंगण-कर्नाटकातल्या ग्रॅनाइटला चिरत गेलेल्या डोलेराइटच्या जुन्या भिंती आहेत, त्या खाणींतून तो निघतो. म्हणून ग्रॅनाइटच्या मुलुखात काळा दगड सापडला म्हणजे तो दख्खनचाच बेसाल्ट, असंही धरू नका. त्या भिंती दख्खनच्या कितीतरी आधीच्या आहेत.

ओट्याचा काळा "कडप्पा" तर अग्निजन्यही नाही, तो चुनखडीच्या कुळातला. शहाबादीही चुनखडकच. तपासायला लिंबू पुरतं. फरशीच्या खालच्या, पॉलिश नसलेल्या बाजूला किंवा कापलेल्या कडेला रसाचा थेंब टाकून दहा मिनिटं ठेवा, पुसा. चुनखडक असेल तर बारीक फेस येतो किंवा डाग निस्तेज पडतो. पॉलिशच्या बाजूला टाकून उपयोग नाही, वरचं मेण फसवतं. काळा रंग चढवलेला माल ओळखायचा तर पांढऱ्या फडक्याला थोडं ॲसिटोन लावून घासा. फडकं काळं झालं तर दगडाचा रंग मुळातला नव्हे.

गिट्टीत फरक असा. डांबर बेसाल्टला चांगलं धरतं. ग्रॅनाइट सिलिकायुक्त असल्यानं पाणी शिरलं की डांबर सुटतं. डांबर लावलेली गिट्टी 40 अंशाच्या पाण्यात 24 तास बुडवून ठेवायची. 5 टक्क्यांहून जास्त पृष्ठभाग उघडा पडला तर ती तशी वापरायची नाही. मिश्रणात एक-दोन टक्के विझवलेला चुना घातला की पकड सुधारते. पण बेसाल्ट आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नका. मास्तरांच्या तिसऱ्या तुकड्यासारखा, भरल्या छिद्रांचा माल पाणी पितो, त्यातलं हिरवट अस्तर उन्हा-पावसात सैल होतं आणि गिट्टी फुटते. क्रशरला खाणीचा कोणता थर गेला, हे विचारायची सवय ठेवा.

खडकओळख

फरशीवाल्यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून: वेरूळ-अजिंठ्याची लेणी याच बेसाल्टात आहेत. कोरणाऱ्यांना थरांची जाण होती हे तिथं भिंतीवर वाचता येतं. मोठी दालनं आणि खांब जाड, कमी भेगांच्या घट्ट थरात नीट टिकलेत. जिथं छिद्राळ थर किंवा दोन थरांचा सांधा मध्ये आलाय तिथं पाणी झिरपतं, नक्षी झडते. सहल नेलीत तर मुलांना मूर्तीइतकंच मागच्या भिंतीतल्या आडव्या रेघेकडं बघायला सांगा.

मास्तर_औसा

काट्यावर मोजून झालं. काळा पाषाण 642 ग्रॅम, घनफळ 221, म्हणजे 2.9. देगलूरचा 518 ग्रॅम, घनफळ 196, म्हणजे 2.64. इथवर ठीक. पण तिसरा, पांढऱ्या ठिपक्यांचा, 430 ग्रॅम आणि घनफळ 170. घनता 2.53 आली! ही तर ग्रॅनाइटपेक्षाही कमी. मग तो बेसाल्ट कसा?

भिंग_दहापट

आकडे बरोबर आहेत, मास्तर, आणि तुकडाही बेसाल्टच आहे. झिओलाइटची घनता 2.1 ते 2.3 असते, शिवाय काही छिद्रं अर्धी रिकामीच असतात. दगडाचा बराच भाग अशा हलक्या भरावाचा असला की सरासरी खाली येते. घनतेची कसोटी एकजीव तुकड्यालाच लावायची, हे मी आधीच लिहायला हवं होतं.

आता ठिपके सोडून मधला काळा भाग बघा. भिंगाखाली तो एकजीव आहे ना? त्यात कुठंही काचेसारखा करडा क्वार्ट्‌झ सुटा दिसत नाही ना? ग्रॅनाइटमध्ये "मधला भाग" असा नसतोच, कणाला कण थेट भिडलेला असतो. दगडाचं नाव त्या मधल्या भागावरून ठरतं, भरावावरून नाही. शक्य असेल तर ठिपके नसलेली सुपारीएवढी कपची काढून चुंबकाजवळ न्या.

नमुन्याच्या चिठ्ठीवर असं लिहा: "बेसाल्ट, थराचा वरचा भाग, छिद्रं झिओलाइटनं भरलेली." कॅल्साइट निघालं तर तसा बदल करा. जागा आणि तारीख खाली. आणि तो तुकडा पाषाणाच्या शेजारीच मांडा, ग्रॅनाइटच्या नाही.